स्वर्गारोहणानंतर प्रेषितांनी काय केले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येशूचा जन्म, वधस्तंभ आणि पुनरुत्थान यांबद्दल आपल्या मंडळ्यांमध्ये वर्षभर बोलले जाते. पुढच्या तीस-चाळीस वर्षांकडे मात्र घाईने पाहिले जाते आणि मनात फक्त चित्रे उरतात: अग्नीच्या जिभा, पौलाची जहाजे, पेत्राच्या हातातल्या किल्ल्या. रविवारच्या शाळेत शिकवताना मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न येथे घेतले आहेत. काहींची उत्तरे लांबली आहेत, कारण ते विषयच तसे आहेत.

ही सगळी माहिती मिळते कुठून?

मुख्यतः दोन ठिकाणांहून. पहिले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक. परंपरेनुसार ते लूकने लिहिले आणि ते त्याच्या शुभवर्तमानाचा पुढचा भाग आहे. दुसरे ठिकाण पौलाची पत्रे. कृत्यांचे पुस्तक घटना घडून गेल्यावर काही दशकांनी लिहिले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पौलाची पत्रे मात्र त्या धामधुमीतच लिहिलेली आहेत. थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र साधारण इ. स. ५० चे. दोन्हींत एकाच घटनेचे वर्णन वेगळे आढळले तर घाबरून जाऊ नये. लूक नंतर शांतपणे मांडणी करतो आहे, तर पौल अजून भांडणाच्या मध्यभागी उभा आहे, हे ध्यानात ठेवून दोन्ही वाचावे.

येशू स्वर्गात घेतला गेल्यावर शिष्य लगेच जगभर निघाले का?

नाही. ते परत यरुशलेमात आले आणि थांबले. जैतुनांच्या डोंगरावरून शहर शब्बाथाच्या वाटेइतके, म्हणजे साधारण एक किलोमीटर. तिथे माडीवरच्या खोलीत अकरा जण, काही स्त्रिया, येशूची आई मरीया आणि त्याचे भाऊ एकत्र प्रार्थना करत राहिले. लूक सगळ्यांची संख्या सुमारे १२० देतो. चाळीसाव्या दिवशी स्वर्गारोहण आणि पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्ट, म्हणजे मधले दहा दिवस वाट पाहण्यातच गेले. या दहा दिवसांतले त्यांचे एकच काम लूकने नोंदवले आहे, ते म्हणजे बारावी जागा भरणे.

शिष्य आणि प्रेषित यांत फरक काय?

शिष्य म्हणजे शिकणारा, प्रेषित म्हणजे पाठवलेला. मूळ ग्रीक शब्द ‘अपोस्तोलोस’ आणि आपला संस्कृतातून आलेला ‘प्रेषित’ यांचा अर्थ एकच आहे, इतके चपखल भाषांतर क्वचितच साधते. शिष्य पुष्कळ होते. त्यांतून बारा जण निवडले गेले. बारा हा आकडा इस्राएलाच्या बारा वंशांचा आहे, म्हणूनच यहूदा इस्कार्योताची जागा रिकामी ठेवणे त्यांना पटेना.

अट अशी ठरली की योहानाच्या बाप्तिस्म्यापासून स्वर्गारोहणापर्यंत जो सतत बरोबर होता, त्यालाच घ्यायचे, म्हणजे त्याला पुनरुत्थानाची साक्ष देता येईल. दोन नावे पुढे आली, मत्थिया आणि बर्सब्बा म्हटलेला योसेफ. चिठ्ठ्या टाकल्या, मत्थियाचे नाव निघाले. त्यानंतर या दोघांपैकी कुणाचाही उल्लेख नव्या करारात नाही. मला त्या योसेफाची नेहमी आठवण होते. अट पुरी करणारा, पहिल्या दिवसापासून सोबत चाललेला हा माणूस, केवळ चिठ्ठी निघाली नाही म्हणून मागे राहिला, आणि तरीही त्या १२० जणांतला एक होता.

या अटीतून प्रेषितपणाचा गाभा दिसतो. प्रेषित हा आधी साक्षीदार आहे, अधिकारी नंतर.

पेन्टेकॉस्ट हा ख्रिस्ती सण आहे की यहूदी?

आधी यहूदी. वल्हांडणानंतर सात आठवड्यांनी येणारा हा सुगीचा सण. म्हणूनच त्या दिवशी यरुशलेमात पार्थी, मेदी, मेसोपोटेमिया, मिसर, क्रेत, अरबस्तान आणि थेट रोमपर्यंतचे यहूदी यात्रेकरू जमले होते. पवित्र आत्मा उतरला, प्रत्येकाला आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकू आली आणि कुणीतरी म्हणाले, हे नवीन द्राक्षारस प्यायले आहेत. पेत्राने उठून उत्तर दिले की अजून सकाळचे नऊच वाजले आहेत, आणि योएल संदेष्ट्याच्या वचनापासून बोलायला सुरुवात केली. त्या दिवशी सुमारे ३००० जणांनी बाप्तिस्मा घेतला. पन्नास दिवसांपूर्वी अंगणातल्या शेकोटीजवळ एका दासीपुढे ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणणारा हाच पेत्र.

त्यांनी सगळी मालमत्ता सामाईक केली होती हे खरे का?

कृत्यांचा दुसरा आणि चौथा अध्याय तसेच सांगतो. लोक शेते-घरे विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवत आणि ज्याला जशी गरज तसे वाटप होई. कुप्र बेटावरचा लेवी योसेफ याने शेत विकले. त्याला प्रेषितांनी ‘बर्णबा’, म्हणजे धीर देणारा, हे नाव दिले आणि पुढे तो याच नावाने ओळखला गेला. मात्र सक्ती नव्हती. जमीन विकून काही पैसे मागे ठेवणाऱ्या हनन्याला पेत्र स्पष्ट म्हणतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. त्याचा दोष पैसे ठेवून घेण्यात नव्हता, सगळे दिले असे खोटे सांगण्यात होता.

मग सात सेवक नेमण्याची वेळ का आली?

अन्नावरून. यरुशलेमच्या मंडळीत दोन गट होते, एक अरामी बोलणारे स्थानिक यहूदी आणि दुसरे बाहेरदेशी वाढलेले, ग्रीक बोलणारे यहूदी. रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर सुरू झाली. बारा जणांनी सर्वांना बोलावले आणि सात माणसे तुम्हीच निवडा म्हणून सांगितले.

निवडलेल्यांची नावे वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, वाढायची पळी त्यांच्याच हाती दिली गेली. प्रेषितांच्या सगळ्या निर्णयांत मला हा फार मोठा वाटतो. तक्रार करणाऱ्यांची त्यांनी समजूत घातली नाही की त्यांच्यावर निरीक्षक बसवला नाही.

आणि हे सात जण पंक्तीत वाढण्यापुरते राहिले नाहीत. स्तेफन पहिला हुतात्मा झाला. फिलिप्पाने शोमरोनात सुवार्ता नेली आणि गज्जाच्या वाटेवर हबशी अधिकाऱ्याचा बाप्तिस्मा केला. म्हणजे यरुशलेमाची वेस ओलांडून पहिले पाऊल टाकले ते बारांपैकी कुणी नव्हे. छळ सुरू झाल्यावर ‘प्रेषितांखेरीज’ सगळे पांगले, असे लूक लिहितो. बारा जण मागे राहिले, आणि शोमरोनात काय घडले ते पाहायला पेत्र व योहान नंतर गेले.

यहूदी नसलेल्यांना मंडळीत घेण्याचा निर्णय कुणी घेतला?

एका दिवसात कुणीच घेतला नाही. ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण प्रेषितांचे सगळ्यांत अवघड काम हेच होते.

येशूचे सर्व पहिले अनुयायी यहूदी होते. ते मंदिरात जात, शब्बाथ पाळत, खाण्यापिण्याचे नियम सांभाळत. परराष्ट्रीयांवर प्रेम करा म्हणणे सोपे होते, पण त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या ताटाशेजारी बसणे ही वेगळी बाब होती. कुणाच्या हातचे चालते आणि कुणाच्या नाही, कोण कुणाच्या पंगतीला बसतो, हा प्रश्न किती खोल जातो हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

पेत्र यापो गावी कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला होता. मेलेल्या जनावरांशी सतत संबंध येणारा हा धंदा, आणि यहूदी समाजात त्याला मान नव्हता. म्हणजे पेत्र एक उंबरठा आधीच ओलांडून बसला होता. तिथे गच्चीवर, दुपारच्या भुकेच्या वेळी, त्याला दृष्टान्त झाला. मोठ्या चादरीत सर्व प्रकारचे पशुपक्षी उतरले आणि ‘मारून खा’ अशी वाणी झाली. त्याने तीनदा नकार दिला. इतक्यात कैसरियाच्या कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीची माणसे दारात आली. पेत्राने त्यांना आत घेतले, दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर गेला आणि कर्नेल्याच्या घरात बोलत असतानाच ऐकणाऱ्या सर्वांवर पवित्र आत्मा उतरला. ठराव झाला नव्हता, कुणाची परवानगी घेतली नव्हती, आणि देव पुढे निघून गेला होता. पेत्राने फक्त विचारले की यांना पाणी नाकारणारा मी कोण.

यरुशलेमात परतल्यावर त्याच्यावर आरोप काय ठेवला गेला पाहा: तू बेसुनत लोकांच्या घरी जाऊन त्यांच्याबरोबर जेवलास. बाप्तिस्म्यावर कुणी बोट ठेवले नाही, जेवणावर ठेवले.

यरुशलेमच्या सभेत काय ठरले?

साधारण इ. स. ४८ ते ५० च्या दरम्यानची ही सभा. तोवर सीरियातल्या अंत्युखियात यहूदी आणि परराष्ट्रीय यांची मिश्र मंडळी उभी राहिली होती. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा तिथेच मिळाले. यहूदीयातून आलेल्या काही जणांनी तिथे सांगायला सुरुवात केली की सुंता झाल्याशिवाय तारण नाही. मोठा वाद झाला. पौल आणि बर्णबा यरुशलेमला गेले.

पेत्राने कर्नेल्याच्या घरचा अनुभव सांगितला आणि विचारले की जे जू आपल्या पूर्वजांना व आपल्याला पेलवले नाही ते यांच्या मानेवर का ठेवता. शेवटी येशूचा भाऊ याकोब याने निर्णय मांडला. सुंतेची अट नाही. मूर्तीला वाहिलेले, रक्त, गळा दाबून मारलेले आणि व्यभिचार यांपासून दूर राहा. या चार अटींतल्या तीन खाण्याच्या आहेत. नियम वाढवण्यासाठी त्या घातल्या नव्हत्या. दोघे एका ताटाभोवती बसू शकतील एवढी वाट त्यांनी मोकळी केली, असे मी त्या वाचतो.

पौल गलतीकरांस लिहिताना हीच भेट सांगतो असे अनेक अभ्यासक मानतात. याकोब, केफा म्हणजे पेत्र, आणि योहान या ‘स्तंभ’ मानलेल्यांनी आपल्याला व बर्णबाला सहभागितेचा उजवा हात दिला आणि एवढेच सांगितले की गरिबांची आठवण ठेवा. पौलाने ती ठेवली. यरुशलेमच्या गरिबांसाठी त्याने मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांतून वर्षानुवर्षे वर्गणी गोळा केली.

पेत्र आणि पौल यांचे भांडण झाले होते का?

झाले, आणि तेही चारचौघांत. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बंधूंबरोबर जेवत असे. याकोबाकडून काही लोक आले तेव्हा तो घाबरून मागे सरला आणि वेगळा बसू लागला. त्याचे पाहून बाकीचे यहूदी, इतकेच काय बर्णबासुद्धा, वेगळे बसले. पौलाने सर्वांसमोर पेत्राला तोंडावर दोष दिला. पेत्राचे उत्तर पौलाने लिहिलेले नाही.

काहींना हा प्रसंग लाजिरवाणा वाटतो आणि तो मुलांना सांगू नये असे वाटते. मी आवर्जून सांगतो. कागदावरचा ठराव पंगतीत उतरायला किती वेळ लागतो आणि दृष्टान्त पाहिलेला माणूसही कसा कच खातो, हे या पाच-सात ओळींत आहे. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी हे पत्र दडवले नाही, पवित्र शास्त्रात ठेवले.

पौल बारांपैकी नव्हता, मग तो प्रेषित कसा?

मत्थियासाठी लावलेली अट पौलाला लागूच होत नाही. तो येशूबरोबर हिंडला नव्हता. उलट स्तेफनाला दगडमार करणाऱ्यांची वस्त्रे त्याच्या पायांशी ठेवली होती. त्याचा दावा एकच, दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर आपल्याला उठलेल्या प्रभूने दर्शन दिले आणि परराष्ट्रीयांकडे पाठवले. करिंथकरांस तो दर्शनांची यादी देतो: केफा, मग बारा, मग पाचशेहून अधिक बंधू, मग याकोब, मग सर्व प्रेषित, आणि सर्वांत शेवटी अकाली जन्मल्यासारखा मी. या यादीत ‘बारा’ आणि ‘सर्व प्रेषित’ वेगवेगळे आहेत, म्हणजे त्या काळी प्रेषितांचे वर्तुळ बारांहून मोठे होते. लूकही एका ठिकाणी बर्णबा व पौल दोघांना प्रेषित म्हणतो.

पौलाचा काळ ठरवायला दगडाचा एक पुरावा मदत करतो. करिंथात त्याला गल्लियो या अधिपतीसमोर उभे केले होते. ग्रीसमधल्या डेल्फीच्या शिलालेखात गल्लियोचे नाव आहे, त्यावरून ती घटना साधारण इ. स. ५१-५२ ची ठरते.

यरुशलेमची मंडळी पेत्राने चालवली की याकोबाने?

आधी पेत्र, पुढे याकोब. हेरोद अग्रिप्पा पहिला याने जब्दीचा मुलगा याकोब याला तलवारीने मारले. हेरोद स्वतः इ. स. ४४ मध्ये मेला, म्हणजे घटना त्याआधीची. यहूदाची जागा भरली गेली, या याकोबाची मात्र भरली नाही. मरण पावलेला साक्षीदार बारांतलाच राहिला.

पेत्रालाही १६ शिपायांच्या पहाऱ्यात ठेवले होते. तो सुटून मार्कची आई मरीया हिच्या दाराशी आला. रुदा नावाच्या मुलीने आवाज ओळखला आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावली. आतले तिला वेडी ठरवत होते आणि पेत्र बाहेर ठोठावत उभा होता. तिथून निघताना त्याचा निरोप असा, ‘हे याकोबाला आणि बंधूंना सांगा.’ हा याकोब येशूचा भाऊ, आणि यापुढे यरुशलेमची धुरा त्याच्याकडे आहे. यहूदी इतिहासकार योसेफस याने त्याच्या मृत्यूची नोंद केली आहे: इ. स. ६२ मध्ये महायाजक अनानस याने त्याला दगडमार करवली.

स्त्रियांपैकी कुणी प्रेषित होते का?

रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल अंद्रोनीक आणि युनिया यांना सलाम सांगतो, ते प्रेषितांमध्ये नामांकित आहेत असे म्हणतो. युनिया हे स्त्रीचे नाव आहे. चौथ्या शतकातला ग्रीक भाषिक उपदेशक योहान ख्रिसोस्तम यानेही ती स्त्री आहे असे समजूनच तिची स्तुती केली. पुढे काहींनी हे नाव पुरुषाचे करून टाकले. ‘प्रेषितांना माहीत असलेले’ असाही अर्थ काही जण लावतात, पण प्राचीन ग्रीक वाचकाला जो अर्थ सहज लागला तो मला अधिक वजनदार वाटतो. त्याच अध्यायात किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी आहे, प्रिस्किल्ला आहे. आणि पुनरुत्थानाची बातमी प्रेषितांपर्यंत पोचवली ती मग्दालिया मरीयेने.

बाराही जण हुतात्मे झाले का?

यहूदा इस्कार्योत सोडला तर नव्या करारात बारांपैकी फक्त एकाचा मृत्यू नोंदलेला आहे, वर आलेला जब्दीचा मुलगा याकोब. पेत्र आणि पौल रोममध्ये नीरोच्या काळात मारले गेले ही परंपरा जुनी आणि भक्कम आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथला गेलेल्या क्लेमेंताच्या पत्रात दोघांच्या दुःखसहनाचा उल्लेख येतो. पेत्राला उलटे टांगून वधस्तंभावर दिले ही गोष्ट मात्र दुसऱ्या शतकाच्या अखेरच्या ‘पेत्राची कृत्ये’ या शास्त्राबाहेरच्या ग्रंथात येते. योहान इफिसात वृद्धापकाळी वारला असे दुसऱ्या शतकातला लेखक इरेनियस याच्या लिखाणावरून मानले जाते. बाकीच्यांच्या कथा पुष्कळ उशिराच्या आहेत.

थोमा आणि बर्थलमय भारतात आले होते का?

केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांच्या परंपरेनुसार थोमा इ. स. ५२ मध्ये केरळ किनाऱ्यावरच्या मुझिरिस बंदरात उतरला, मंडळ्या स्थापल्या आणि मैलापूर (आजच्या चेन्नईत) येथे हुतात्मा झाला. तिसऱ्या शतकातला ‘थोमाची कृत्ये’ हा सीरियाक ग्रंथ त्याला गोंदोफरेस राजाच्या दरबारी नेतो. राजवाडा बांधायला मिळालेला पैसा तो गरिबांना वाटून टाकतो. कथा कथेसारखी आहे, पण राजा खरा होता. भारतीय उपखंडाच्या वायव्येस सापडलेली त्याची नाणी आणि तख्त-इ-बाहीचा शिलालेख पहिल्या शतकातले आहेत. रोमी जहाजे त्या काळी मान्सूनच्या वाऱ्यावर मलबारला नियमित येत असत, त्यामुळे प्रवास अशक्य नव्हता.

बारांपैकी बर्थलमयाबद्दल चौथ्या शतकातला मंडळीचा इतिहासकार युसेबियस लिहितो की अलेक्झांड्रियाचा शिक्षक पँटेनस ‘इंडिया’त गेला, तेव्हा बर्थलमयाने मागे ठेवलेले मत्तयाचे शुभवर्तमान त्याला तिथल्या लोकांकडे मिळाले. काही अभ्यासकांनी ही जागा आपल्या कोकणातले कल्याण असावी असे सुचवले. पण ग्रीक लेखक अरबस्तानाच्या दक्षिणेला आणि इथिओपियालाही ‘इंडिया’ म्हणत, त्यामुळे एवढ्यावर इमारत उभारता येत नाही. सहाव्या शतकात कॉस्मस हा प्रवासी ‘कल्लियाना’ येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहितो. हे गाव म्हणजे आपले कल्याण, असे पुष्कळ जण मानतात. बर्थलमयाची कथा बाजूला ठेवली तरी कोकण किनाऱ्यावरची ही जुनी मंडळी अधिक अभ्यास व्हावा अशी आहे.

प्रेषित गेल्यावर मंडळ्या कुणी सांभाळल्या?

प्रेषितांनी जागोजागी ‘वडील’ नेमले होते. आरंभी वडील आणि अध्यक्ष हे शब्द एकाच माणसासाठी वापरलेले दिसतात. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीस अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस एका शहरात एक बिशप अशी रचना गृहीत धरून लिहितो. कॅथलिक बांधव ही परंपरा प्रेषितांपासून हात ठेवण्याच्या साखळीने आली असे मानतात. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या प्रेषितांच्या शिकवणीशी इमान राखण्यावर भर देतात.

फिरते प्रेषितही काही काळ होते. ‘दिदाखे’ नावाच्या छोट्या प्राचीन पुस्तिकेत त्यांच्यासाठी नियम आहे. आलेल्या प्रेषिताचे प्रभूसारखे स्वागत करा. त्याने एक दिवस राहावे, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा.

प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरावीक कबुली, बारा जणांनी मिळून रचला का?

नाही. एकेकाने एकेक वाक्य दिले ही आख्यायिका रुफिनस या ख्रिस्ती लेखकाच्या लिखाणात, साधारण इ. स. ४०० च्या सुमारास दिसते. मूळ आहे रोमच्या मंडळीतल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या कबुलीत.

वाचायला सुरुवात कुठून करू?

कृत्ये अध्याय १ व २, मग ६, १० आणि १५ सलग वाचा. लगेच गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघडा. शेवटी रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय घ्या आणि तिथली नावे मोठ्याने वाचा. त्यांत गुलामांमध्ये सर्रास आढळणारी नावे आहेत, यहूदी आहेत, ग्रीक आहेत, रूफाची आई आहे, जिला पौल आपलीही आई म्हणतो. आपण अनेकदा ही यादी ओलांडून पुढे जातो. या वेळी तिथे थांबा.